मेंढपाळाची मोजणी

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवतो, हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघतो, ते सापडताच आनंदाने खांद्यावर घेतो आणि घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो. या दाखल्यावर मी स्वतः कितीतरी प्रवचने केली असतील. परंतु एक साधा प्रश्न मला फार उशिरा सुचला. शंभरातले एक मेंढरू कमी आहे, हे त्या मेंढपाळाला कळले कसे? उत्तर उघड आहे. त्याने मोजले होते. संध्याकाळी वाड्याच्या दाराशी उभे राहून त्याने एकेका मेंढरावर नजर टाकली होती. त्याने मोजले नसते, तर त्याच्या प्रेमाला शोधाची वाटच सापडली नसती.

पवित्र शास्त्रात आणखी एक मोजणी आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात दावीद राजा आपल्या प्रजेची गणती करण्याचा हुकूम देतो. सेनापती यवाब हा काही सोवळा माणूस नव्हे. पण त्यालासुद्धा ही गोष्ट खटकते. राजाला हे कशाला हवे आहे, असे तो विचारतो. राजा ऐकत नाही. नऊ महिने वीस दिवस अधिकारी देशभर फिरतात आणि आकडा घेऊन येतात. तो आकडा कोणाचा? तलवार उपसू शकणाऱ्या पुरुषांचा. स्त्रिया, मुले, म्हातारे, लंगडे, आजारी यांना त्या गणतीत जागाच नव्हती. आकडा हाती येताच दावीदाचे मन त्याला खाऊ लागले, आणि आपण घोर पाप केले असल्याची कबुली त्याने परमेश्वरापुढे दिली.

मोजणे ही क्रिया एकच. एकीकडे ती प्रीतीचे पहिले पाऊल ठरते आणि दुसरीकडे पाप. या दोहोंतील भेद केवळ प्रवचनापुरता नाही. माणसाची बुद्धी हळूहळू क्षीण होत असताना तिची वर्षानुवर्षे मोजदाद करावी की करू नये, या प्रश्नापाशी तो भेद फार तीव्रतेने समोर येतो. हंटिंग्टनच्या आजाराच्या रुग्णांबाबत वैद्यकशास्त्र नेमके हेच करीत आहे. म्हणून त्या आजाराच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू या.

१८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे वडील व आजोबा हेही डॉक्टर होते, आणि तेथील काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा विकार त्या तिघांनी मिळून पाहिला होता. हातापायांना अनावर झटके येतात, चाल नाचल्यासारखी वेडीवाकडी होते. युरोपात अशा विकारांना फार पूर्वीपासून संत व्हायटस यांचे नाव चिकटलेले होते. साधारणपणे तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान आजार उघड होतो आणि पंधरा-वीस वर्षांत माणसाला मृत्यूपर्यंत नेतो. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, नाणे उडवावे तसा हा निवाडा गर्भातच होऊन जातो.

झटके डोळ्यांना दिसतात, म्हणून आजाराची ओळख त्यांच्यावरून झाली. पण बुद्धीची झीज पुष्कळदा त्याआधीच सुरू झालेली असते. ती विसरभोळेपणाच्या रूपाने येतेच असे नाही. आधी मंदावतो तो विचारांचा वेग. एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळवणे जड जाते. आखणी जमत नाही. काम समजते, पण सुरुवात होत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरील राग किंवा दुःख ओळखण्याची शक्ती उणावते. आणि यांतील बरेच काही आपल्या बाबतीत घडते आहे, याची रुग्णाला स्वतःला पुरती जाणीव नसते.

ही झीज मोजण्याची साधने अगदी साधी आहेत. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हे असतात आणि प्रत्येक चिन्हाखाली एक अंक. खाली त्याच चिन्हांच्या ओळी असतात. प्रत्येक चिन्हाला त्याचा अंक द्यायचा. वेळ नव्वद सेकंद. किती अंक बरोबर आले, एवढेच मोजायचे. दुसऱ्या चाचणीत रंगांची नावे भराभर वाचायची असतात. मग ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. वेळ पंचेचाळीस सेकंद. शाळकरी मुलांच्या कोड्यांसारख्या या चाचण्या आहेत. पण त्याच माणसाने त्या दरवर्षी सोडवल्या, की आकड्यांची एक उतरती पायरी तयार होते, आणि त्या पायरीवरून मेंदूच्या आत काय चालले आहे याचा अदमास घेता येतो.

२००८ साली लंडन, पॅरिस, लायडेन आणि व्हॅन्कुव्हर या चार शहरांत ३६६ जणांचा असा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश आजाराच्या पहिल्या टप्प्यात होते. एक तृतीयांशांत सदोष जनुक होते, पण आजार अद्याप उघड झालेला नव्हता. आणि उरलेले निरोगी होते. हे निरोगी लोक कोण होते? रुग्णांचे पती, पत्नी, जोडीदार आणि ज्यांच्या वाट्याला सदोष जनुक आले नाही असे भाऊबहीण. वाचकहो, क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. नवराबायको एकाच दवाखान्यात एकाच दिवशी तीच नव्वद सेकंदांची चाचणी देतात. पुढच्या वर्षी पुन्हा देतात. त्याचे गुण जागच्या जागी राहतात, तिचे दोनचार अंकांनी उतरतात. एकाच पाटावर बसून लग्नाची शपथ घेतलेली ही दोन माणसे आता मोजणीतही एकमेकांच्या शेजारी बसलेली असतात.

या अभ्यासातून दिसले ते असे. आजार उघड झालेल्यांच्या गुणांत वर्षागणिक घट होते, आणि उंबरठ्यावर असलेल्यांतही ती सूक्ष्म रूपाने आढळते. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या आणखी एका अभ्यासात, आजाराची अपेक्षित वेळ सुमारे चोवीस वर्षे दूर असलेल्या तरुण जनुकधारकांची बुद्धी निरोगी सोबत्यांच्या तोडीची आढळली. म्हणजे हे जनुक घेऊन जन्मलेले मूल अपुरी बुद्धी घेऊन येत नाही. अनेक वर्षांचे भरलेले आयुष्य त्याच्यापुढे असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा आजार मुळातून बरा करणारे औषध आजही डॉक्टरांच्या हाती नाही. मग ही मोजदाद कशासाठी? कोसळणाऱ्या घरासमोर वही घेऊन बसावे आणि किती विटा पडल्या ते लिहीत राहावे, तसे हे नाही काय? प्रश्न टोकाचा वाटला तरी तो टाळता येण्यासारखा नाही. कारण इतिहासात या रुग्णांची मोजणी एकदा दावीदाच्या पद्धतीने झालेली आहे, आणि ती दावीदाहून कितीतरी क्रूर होती.

१४ जुलै १९३३ रोजी जर्मनीतील नाझी राजवटीने आनुवंशिक आजार असलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्यातील आजारांच्या यादीत हंटिंग्टनच्या आजाराचे नाव होते. १९३९ मध्ये रुग्णालयांना व आश्रमांना छापील अर्ज पाठवण्यात आले. त्यांतही या आजाराचा उल्लेख होता. शिवाय रुग्ण काय काम करू शकतो, हे लिहायला एक रकाना होता. डॉक्टरांनी अर्ज भरले, तज्ज्ञांनी ते वाचले आणि रुग्णाला न पाहताच त्याच्या मृत्यूचा निर्णय दिला. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर मनोरुग्ण व अपंग माणसे अशा रीतीने मारली गेली. त्याच महिन्याच्या ३ तारखेला म्यून्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी वेदीवरून या हत्यांचा उघड निषेध केला. माणूस उत्पादन करू शकत नाही म्हणून त्याला मारण्याचा अधिकार एकदा मान्य केला, तर उद्या आपण सारे म्हातारे आणि दुबळे झालो म्हणजे आपली गत काय होईल, हा त्यांचा सवाल होता. २००५ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

तो रकाना म्हणजेच दावीदाची मोजणी. तलवार उपसू शकतो काय? काम करू शकतो काय? राष्ट्राच्या उपयोगी पडतो काय? अशी मोजणी माणसाकडे पाहते ती त्याची किंमत ठरवण्यासाठी, आणि ज्याची किंमत ठरते तो एक ना एक दिवस टाकाऊही ठरतो.

या मोजणीमागे एक तत्त्वज्ञानही दडलेले असते. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने ‘व्यक्ती’ची ओळख तिच्या जाणिवेवर आणि स्मृतीवर उभी केली. लॉक काही क्रूर माणूस नव्हता. पण हा विचार पुढे ओढत नेला, तर जाणीव जितकी उणी तितकी व्यक्तीही उणी, असा निष्कर्ष निघू शकतो. ख्रिस्ती परंपरेने निराळी वाट धरली. सहाव्या शतकात बोएथियसने व्यक्तीची जी व्याख्या केली आणि जी संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे स्वीकारली, तिच्यात विवेकशील स्वभावाला महत्त्व आहे. तो विवेक या घटकेला किती चालतो याला नव्हे. झोपलेला माणूस विचार करीत नाही, म्हणून तो माणूस असण्याचे थांबत नाही. पाळण्यातल्या बालकाला आपण स्नानसंस्कार देतो तेव्हा त्याची परीक्षा घेत नाही. त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून आईवडील व धर्ममातापिता त्याच्या वतीने उत्तर देतात. जे पाळण्यापाशी खरे आहे ते रुग्णशय्येपाशी खोटे कसे ठरेल? भान हरपलेल्या रुग्णानेही शुद्धीवर असताना ज्या संस्काराची इच्छा धरली असती, तो रुग्णाभ्यंगाचा संस्कार ख्रिस्तसभा त्याला देते, ते याच श्रद्धेने.

परंतु येथे आपण श्रद्धावंतही एका दुसऱ्या खड्ड्यात पडू शकतो. “त्याचा आत्मा आत जसाच्या तसा आहे, बिघडले आहे ते फक्त बाहेरचे कवच,” असे आपण सांत्वनासाठी म्हणतो. हेतू चांगला असतो. पण संत थॉमस यांची शिकवण अशी नाही. त्यांच्या मते आत्मा हा शरीराचे जीवनतत्त्व आहे. माणूस म्हणजे या दोहोंचे एकत्व. म्हणून मेंदूला होणारी इजा ही खुद्द त्या माणसाला होणारी इजा आहे. नुकसान खरे आहे, दुःख खरे आहे. “काही झाले नाही” असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती नजर चुकवणे होय. “सारेच संपले” असे म्हणणे हे जसे असत्य, तसेच “काहीच घडले नाही” हेही असत्य. पहिल्या असत्यापासून आपल्याला श्रद्धा वाचवते. दुसऱ्यापासून वाचवायला मात्र कोणीतरी प्रामाणिकपणे मोजावे लागते.

नजर चुकवण्याची किंमत काय असते, ते पाहा. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीच्या आईला १९६८ साली या आजाराचे निदान झाले. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये एका सकाळी ती रस्ता ओलांडत असताना तिची चाल पाहून पोलिसाने तिला दारू प्यायल्याबद्दल दटावले होते. रस्त्यावर जे घडले तेच बुद्धीच्या बाबतीत घरोघर घडते. नवरा उठून कामाला लागत नाही, तर तो आळशी. बायको आपले रडणे पाहूनही पाझरत नाही, तर ती दगडाच्या काळजाची. मुलगा एका गोष्टीला धरून बसतो, तर तो हट्टी. एखाद्या प्राणघातक पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती या तिन्ही गोष्टी लागतात, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. पण घरातल्या न्यायासनावर बसताना आपण जाणीव आणि संमती किती तपासतो? ती नव्वद सेकंदांची चाचणी येथे रुग्णाची साक्षीदार होऊन उभी राहते. हा दुर्गुण नव्हे, हा आजार आहे, असे ती घरच्यांना सांगते. ज्या पत्नीने पाच वर्षे नवऱ्याला मनातून दोष दिला, तिला त्या आकड्यांमुळे क्षमा करण्याची, आणि कदाचित क्षमा मागण्याचीही, वाट मोकळी होते.

याच नॅन्सी वेक्सलर १९७९ पासून दरवर्षी व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी जाऊ लागल्या. तेथील गरीब कोळी वस्त्यांत हा आजार जगात क्वचितच कोठे आढळेल इतका दाट आहे. आमेरिको नेग्रेत्ते या व्हेनेझुएलन डॉक्टरांनी १९५० च्या दशकात तो ओळखला होता. तेथील लोक त्याला नुसते ‘ते दुखणे’ म्हणत. वर्षामागून वर्षे घरोघर जाऊन रुग्णांच्या हालचाली तपासल्या गेल्या, बुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या, रक्ताचे नमुने घेतले गेले आणि दहा पिढ्यांतील १८ हजारांहून अधिक माणसांची वंशावळ कागदावर उतरली. त्या आधाराने १९८३ साली या जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि १९९३ साली जनुक सापडले. त्यात तीन रासायनिक अक्षरांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो. चाळीस किंवा अधिक वेळा आला, तर सर्वसाधारण आयुष्यमान लाभलेल्या माणसाला आजार होणारच.

तेव्हापासून रक्ताच्या एका थेंबावरून भविष्य सांगता येऊ लागले. पण ज्यांना हा धोका आहे त्यांतील बहुसंख्य ती तपासणी करून घेत नाहीत. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मेंढराला न विचारता त्याची मोजणी करता येईल. माणसाची करता येत नाही. त्याची संमती हवी, आणि ‘मला जाणून घ्यायचे नाही’ असे म्हणण्याची मोकळीकही हवी. स्वतः नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचे २०२० साली जाहीर केले. इतरांची मोजणी करीत आयुष्य घालवलेली ती स्त्री त्याच मोजणीत उभी होती.

व्हेनेझुएलातील त्या कुटुंबांनी जगाला जनुक दिले. बदल्यात त्यांना फार थोडे मिळाले. १९९९ साली माराकाइबो येथे रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह उघडले, हे खरे. पण त्या वस्त्यांचे दारिद्र्य संपले नाही. येथे दाखल्याचा उत्तरार्ध आठवतो. मेंढपाळ मोजून थांबत नाही, तो निघतो. मोजून जो घरी बसतो, त्याची मोजणी अपुरी राहते. १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये या आजाराच्या रुग्णांना व कुटुंबीयांना भेटीसाठी बोलावले. त्यांत व्हेनेझुएलाची माणसेही होती. हा आजार यापुढे लपवून ठेवायचा नाही, हा त्या भेटीचा संदेश होता. पोप महोदय स्वतः त्यांच्यात गेले आणि त्यांनी त्यांना मिठीत घेतले. शतकभर ज्यांना मागच्या खोलीत लपवले होते, त्यांच्यापर्यंत मेंढपाळ चालत गेला. शास्त्रज्ञांना प्रोत्साहन देताना, संशोधनापायी मानवी भ्रूणांचा नाश होऊ नये, असेही त्यांनी बजावले.

मोजणीचे आणखी एक फळ आहे. २०२१ साली मोठ्या आशेने दिलेल्या एका औषधाची चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांना लाभ होत नसल्याचे दिसले. २०२५ साली मेंदूत थेट सोडल्या जाणाऱ्या एका जनुकीय उपचाराचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले : अधिक मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांत तीन वर्षांच्या अखेरीस आजाराची गती सुमारे पाऊण पटीने मंदावलेली आढळली. रुग्ण थोडे आहेत, घाई करणे बरे नव्हे. पण पहिली आशा खोटी होती आणि दुसरी कदाचित खरी असेल, हे ज्या मोजमापांवरून कळले, त्यांत ती नव्वद सेकंदांची चिन्हे आणि ती रंगांची नावेही आहेत. आपली उतरती पायरी कोणाला तरी मोजू देणाऱ्या त्या माणसांना स्वतःला बहुधा काहीच मिळायचे नव्हते. त्यांनी ते आपल्या, आणि इतरांच्याही, लेकरांसाठी दिले. दान म्हणजे आणखी काय असते?

हा आजार आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्या घरांत असेल. पण उतारवयात स्मृती आणि बुद्धी क्षीण झालेले कोणीतरी बहुतेक घरांत आहे. अशा घरी पाहुणे आले, की आपण आजीसमोर त्यांना उभे करतो आणि विचारतो, “ओळख पाहू, कोण आलंय?” आजी गोंधळते, चुकीचे नाव घेते, आणि सगळे हसतात. यात दुष्टावा नसतो. पण ती दावीदाची मोजणी आहे. सर्वांसमक्ष घेतलेली, नापास करणारी परीक्षा. त्याऐवजी जवळ बसून म्हणावे, “आजी, मी तुमच्या मधल्या लेकीचा मुलगा, पुण्याहून आलो.” आणि तीच आजी गॅस बंद करायला केव्हापासून विसरू लागली, पैशांचा हिशेब केव्हापासून चुकू लागला, याची नोंद घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाने शांतपणे ठेवावी, डॉक्टरांना दाखवावी, वेळेत तजवीज करावी. दोन्ही मोजण्याच. एकीने आजीची मान खाली जाते, दुसरीने तिचा हात कोणाच्या तरी हातात येतो.

दावीदाच्या त्या कथेचा शेवट आपण सहसा वाचत नाही. देशावर मरी आली, माणसे पडू लागली, तेव्हा तो परमेश्वराला काकुळतीने विनवतो की, पाप मी केले आहे, या मेंढरांचा काय अपराध? ज्यांना त्याने तलवारी म्हणून मोजले होते, तीच माणसे आता त्याला मेंढरे म्हणून दिसू लागली. बेथलेहेमच्या माळावर लहानपणी मेंढरे राखणारा तो मुलगा त्या राजाच्या आत जिवंत होता.

आपल्याही हाती कधी ना कधी कोणाच्या तरी ऱ्हासाची वही येणार आहे. ती जरूर लिहावी, खरी लिहावी, आणि मिटून उठावे. कारण मेंढरू हरवले आहे हे मोजणीने कळते. ते खांद्यावर घ्यायला मात्र रानात जावे लागते, आणि खांद्यावर घेताना त्याचे वजन कोणी करीत नाही.